घरी न्यायची पिवळी प्रत

– नाही हो दादा, पडली म्हणजे पडलीच. झाडताना वायरीत पाय अडकला आणि टेबलावरून गेली खाली – असं काय बघताय? तुमच्याकडे काही ही पहिलीच हार्ड डिस्क आली नसेल पडलेली, मागे कपाटभर दिसताहेत चिठ्ठ्या लावलेल्या. टेबल? असेल माझ्या कमरेएवढं. हो, खाली फरशी. आता कोपरा इतका चेपलाय त्याला मी काय करू? वस्तू पडायची ती नेमकी कोपऱ्यावरच पडते.

आमचे हे लग्नाच्या फिल्म जोडतात. जोडतात म्हणजे – जोडायचे. दीड महिन्यापूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, बोलणं गेलं. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांची अर्धी राहिलेली फिल्म आहे ना, तिच्यावरच बसवा, माणूस आपल्या कामाच्या ओढीने परत येतो. आठ दिवस रिकाम्या टेबलावर डाव्या हाताने माउस फिरवताहेत. उद्या बसवते म्हणून कबूल करून बसलेय मी. आज तर दाढीसुद्धा करून घेतली. दुसरी प्रत कुठली हो – ती ते फिल्म पुरी झाली की काढायचे. अर्ध्या कामाची प्रत काढू नये म्हणायचे, मग काम अर्धंच राहतं.

सुरू? केली होती, एकदा. एकदाच – बरं, दोनदा. अहो, हे हॉस्पिटलात असताना कपडे न्यायला घरी यायची ना, तेव्हा लावून बघायची. नुसती टकटक. मला वाटलं, जुन्या स्कूटरसारखी गरम झाली की लागेल. पंचवीस-तीस वेळा झालं असेल. दर वेळी आत ओरखडा पडतो? मला कोणी सांगितलं नाही हो. मी कोणाला विचारलंही नाही म्हणा.

म्हणजे तुकडे येतील थोडे, पण त्यांची नावं येणार नाहीत? कुठला कुठे जोडला, तेही गेलं? मग काय उपयोग, दादा! ते प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचे – 'जांभई काका', 'रडकी आत्या एक', 'रडकी आत्या दोन', 'नवरदेव घाम पुसतो'. हाक मारून मला दाखवायचे. ज्यांना उभ्या जन्मात भेटलो नाही त्या माणसांवर आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आता चमचा समोर धरला तर चमच्याचं नाव येत नाही त्यांना. तुम्ही ते तुकडे नुसते आकडे लावून द्याल, आणि ते माझ्या तोंडाकडे बघतील. मी काय सांगू? मला एक काका आणि एक आत्याच ओळखता येते.

पुन्हा तेच! किती उंचीवरून, किती उंचीवरून – सुटली हातातून. उचलली होती मी. पुसायला. – नाही, पुसायला नाही. त्या दुपारी ताटं वाढून तीन हाका मारल्या. उत्तर नाही. कानाला हेडफोन, तोंड पडद्याकडे, पाठ माझ्याकडे. एकोणीस वर्षं, दादा, त्या पाठीशीच संसार केला म्हणा ना. चौथी हाक नाही मारली. गेले, वायर उपटली आणि डिस्क आपटली फरशीवर. म्हटलं, आता तरी वळाल! वळले नाहीत. मीच पुढे होऊन बघितलं. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर – आणि मी हाका मोजत बसले होते. आपटताना बघितलं असेल का त्यांनी? विचारलं नाही. विचारलं तरी सांगणार कसे? आज सकाळी सांगितलं, झाडताना पडली, दाखवून आणते. नुसते बघत राहिले.

तुम्ही हे काय लिहिलंत? अहो, 'आपटली' नका ना लिहू. तुम्हाला कामाला लागतं, मान्य आहे – आतल्या कागदावर लिहा, डब्यावर लिहा, माझ्या नावाने शिवी लिहा हवी तर. पण पावतीची ही पिवळी प्रत माझ्याबरोबर घरी येणार ना? हिच्यावर 'पडली' लिहा. दारातच हात पुढे करतील ते कागदासाठी. बोलता येत नाही हो त्यांना.

वाचता येतं.