मोर्शेनाउची पाटी

नाव: योआखिम रॉटगर. वय: ५२ वर्षे. धंदा: बेकरी, फिरत्या गाडीतून पावविक्री. राहणार: चर्चच्या मागे, श्टाइनरोडा.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, ओबरवेंडे गावाबाहेरच्या बाकापाशी पाच दिवस, रोज चार मिनिटं, माझे गरम पाव थंड होत राहिले. एकूण वीस मिनिटं. शासनाने याची गंभीर दखल घ्यावी म्हणून मी बुधवारी तक्रार दिली होती.

बाकाचा नियम सर्वांना ठाऊक आहे. खांबावर जायच्या गावाची पाटी फिरवून बसायचं. त्या वाटेच्या गाडीवाल्यानं थांबून न्यायचं. नगरपालिकेनं खांबाला सहा गावं दिली आहेत. श्रीमती गेर्लिंडे टेशनर, वय ८१, यांनी स्वतः रंगवून सातवी पाटी ठोकली: मोर्शेनाउ. हे गाव सदुसष्ट वर्षांपूर्वी धरणाखाली गेलं.

मी रोज थांबलो. रोज म्हणालो, "टेशनरबाई, त्या गावाला बोट लागते."

"सध्या नाही लागत. दुरुस्तीसाठी पाणी सोडलंय. शुक्रवारी धरणाची दारं बंद करतायत. त्याआधी एकदा आमच्या उंबऱ्यावर उभं राहायचंय मला."

"रस्ता बंद आहे, बाई."

"तुझ्या आजोबांच्या बेकरीवरून जातो तो. तुलाच बंद कसा?"

तक्रारीवरून बुधवारी संध्याकाळी पाटी काढण्यात आली. कामाची ही तत्परता मी या गावात प्रथमच पाहिली.

आज गुरुवारी सकाळी पावणेआठला बाई बाकावर होत्या. खांबाला स्क्रूची चार भोकं होती. त्यांनी हात केला नाही. मी पुढे गेलो. वळणापासून गाडी मागे घेतली आणि दार उघडलं. का, ते या जबाबात आवश्यक नाही.

धरणावरचा अडसर बंद होता. तो मीच उचलला.

खाली धुकं होतं. गाळाला भेगा पडल्या होत्या. फरशीचा रस्ता मात्र नुकता धुतल्यासारखा. सफरचंदांचे बुंधे ओळीनं उभे होते. गाडीचा आवाज येत होता की नाही, नक्की सांगता येत नाही. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या आहेत. बाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. खिडक्या जिथं असायला हव्यात, तितक्या उंचीवर पाहत होत्या.

त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही.

मग ओरडल्या, "काय रे, गावात आलास आणि घंटा नाही वाजवलीस?"

पावाच्या गाडीची घंटा वाजवली. बाई कापडी पिशवी घेऊन आल्या आणि गाडीपासून चार पावलांवर थांबल्या.

"या ना पुढं."

"थांब जरा. माझ्या पुढं दोघीजणी आहेत."

त्या दोघींना लागेल तेवढा वेळ मी दिला.

नंबर आल्यावर म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी आईनं मला पावाला धाडलं होतं. तुझ्या आजोबांनी पैसे घेतले नि मग बघतात तर भट्टी विझलेली. म्हणाले, पोरी, पाव उद्या देतो." आणि हसल्या. "पहाटेच आमचं बिऱ्हाड हललं."

परतताना जलखात्याच्या माणसानं आम्हाला अडवलं. बंद रस्त्यावर गाडी नेली, हे मला मान्य आहे. तक्रार मी मागे घेत आहे. पाटी परत मिळावी. स्क्रू मी आणले आहेत.

जबाब मला वाचून दाखवला. ‘पूर्वीचे मोर्शेनाउ गाव’ असं लिहिलं होतं, त्यातलं ‘पूर्वीचे’ मी खोडायला लावलं. बाकी मी सांगितल्याप्रमाणे आहे.

गाडीत एक मोठा काळा पाव कमी भरला. तो विकलेला नाही, चोरीलाही गेलेला नाही. मोर्शेनाउला पोचता केला.