घरी विचार

(संध्याकाळ. कॉलेजातला देखरेखीचा अभ्यासवर्ग. सगळे माना खाली घालून बसलेत. पहिल्या बाकापाशी आई आणि लेक.)

आई : तासभर झाला, पान तेच! डोळे उघडे ठेवून झोपायचं कुठे शिकलास?

लेक : वाचतोय, मॅडम.

आई : वाचतोय कसला, रंगवतोयस. अख्खं पान पिवळं. कावीळ झालीय पुस्तकाला!

लेक : सगळंच महत्त्वाचं वाटतं.

आई : सगळंच महत्त्वाचं वाटतं, म्हणजे काही कळलेलं नाही. सोमवारी फेरपरीक्षा आहे. संख्याशास्त्रात परत गचकलास की वर्ष गेलं. दुसऱ्यांची पोरं पास करते मी, आणि माझंच कार्टं...

लेक : हळू बोला ना, मागे ऐकतायत.

आई : ऐकू देत. आणि मला अहोजाहो करून टोमणे मारू नकोस.

लेक : तुम्हीच सांगितलंत. फाटकाच्या आत आई नाही, मॅडम.

मैत्रीण : (लेकाच्या वर्गातली, मागच्या बाकावरून वही घेऊन येत) सॉरी मॅडम, एक शंका होती. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग का करायचे? नुसती बेरीज का नाही?

आई : ये गं, बस. कर बघू बेरीज. किती आली?

मैत्रीण : शून्य?

आई : येणारच. अधिक-वजा एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून वर्ग करायचे, वजा उरतच नाही.

मैत्रीण : अच्छा! इतकंच होतं होय. थँक्यू मॅडम.

आई : बघितलंस? तोंड उघडलं, काम झालं. तुझ्या तोंडात काय बोळा कोंबलाय?

लेक : माझीही हीच शंका होती.

आई : मग विचारायची ना, शहाण्या!

लेक : विचारली होती. भर वर्गात हात वर केला. तुम्ही म्हणालात, "तू घरी विचार."

आई : म्हटलं असेन. नाहीतर पोरं म्हणतात, मॅडम लेकाचे लाड करतात.

लेक : घरी विचारलं, तर तू पेपर तपासत बसलेलीस. "कॉलेजचं कॉलेजात. घरी तरी मला आई राहू दे."

आई : एखाद्या दिवशी दमले असेन रे.

लेक : एखाद्या? इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी विचारणंच सोडलं.

आई : बाबांना विचारायचं.

लेक : ते म्हणाले, घरात प्राध्यापक असताना मला कशाला छळतोस?

आई : धन्य आहे तो माणूस! आणि मीही काही कमी नाही. सरक.

लेक : इथे बसणार? सगळे बघतायत.

आई : बघू देत. म्हणू देत काय म्हणायचं ते. विचार.

लेक : ती शंका तर आत्ताच सुटली.

आई : मग त्याच्या आधीची.

लेक : फार आधीची आहे. चिडशील.

आई : चिडले तर चिडले. विचार म्हणते ना!

लेक : आई, मुळात सरासरी काढतात कशाला?

आई : अरे देवा. पहिल्या धड्यापासून?

लेक : पहिल्या धड्यापासून.

आई : पेन दे. ते पिवळं नको, साधं दे.