आरतीच्या वेगाची मोटार

चहा घ्या, सांगते. सन दोन हजार चोवीस, डिसेंबर महिना, हेमंत ऋतू. मुलाने आमच्या लातूरच्या घरी नवा संगणक बसवला आणि माझा मोटारशर्यतीचा जुना खेळ त्यात घातला. कळ दाबताच मोटार दिसेनाशी! संक्रांतीला नांदेडहून धाकट्या जाऊबाई शर्यतीला येणार होत्या आणि वेग पूर्वीचाच नसेल, तर माझा विजय त्या मुळीच मानणार नव्हत्या.

संगणक दुरुस्त करणारे मन्मथअप्पा म्हणाले, "काकू, खेळ जुना, मशीन लई फास्ट हाय. हळू करतो, पर किती हळू ते तुमीच सांगा."

प्रश्न रास्त होता. मला आठवले, की यजमानांची आरती आणि माझी एक फेरी पूर्वी एकाच वेळी संपत असे. म्हणून यजमानांना संगणकाशेजारीच आरतीला उभे केले. श्रोता मिळताच त्यांनी आलाप घेतले. अप्पा त्याबरहुकूम वेग कमी करत गेले आणि शेवटी ओरडले, "काका, ताना नगं! मोटारीची बैलगाडी झाली!"

मग साधी आरती झाली आणि वेग जमला.

संक्रांतीच्या दिवशी जाऊबाईंना आरतीची हकीकत सांगितली आणि शर्यत मी जिंकले. तिळगूळ चघळत जाऊबाई म्हणाल्या, "आक्का, वेग जुनाच हाय, मान्य. पण पुढच्या वर्षी आरती मीच म्हणणार."