बंधारा संपतो तिथला माड

बोला, हरिनाम बोला! टाळ जरा खाली ठेवा, मंडळी, आज गोष्ट हळूच ऐकायची आहे. आधी एक सवाल. माझं घर मी राखलं, आणि त्या राखण्यानंच शेजाऱ्याचं गेलं, तर ते पाप कुणाचं? लाटेचं? की माझं?

ऐका! मालवणच्या खालच्या अंगाला एक वाडी. तिथे रवळूनाना तांडेल आणि त्यांची विधवा बहीण द्वारका. बापाची जागा दोघांत वाटलेली. मधे हद्दीला चिऱ्यांचा गडगा, समोर वाळूची पुळण, पलीकडे दर्या.

द्वारकेला एकच मुलगा, सुरेंद्र. जन्मला तेव्हा तिनं त्याच्या नावानं माड लावला, कोकणात लावतात तसा. पोरगा विशीत बोटीवरून गेला तो गेलाच. देहसुद्धा मिळाला नाही हो! जाळायला काही नाही, पुरायला काही नाही. उरला तो माड. रोज सकाळी त्याला हात लावल्याशिवाय ही बाई चूल पेटवत नसे. आणि नारळी पौर्णिमेला त्याच माडाचा नारळ भावाच्या हाती द्यायची, दर्याला घालायला.

आता लाटेचं ऐका. लाट काय नुसती खाते? नाही! तिकडे कडा फोडते, त्याची वाळू करते, तिरकी तिरकी सरकवत आणून आपल्या पुळणीवर घालते. पावसाळ्यात उचलून आत नेते, श्रावण सरला की परत आणून देते. तुम्ही हातउसनं घेतलेलं पातेलं तरी इतक्या इमानानं परत करता का? हसू नका, ताई, तुम्हालाच म्हणतोय!

पण एका साली पाणी नानांच्या पायरीला लागलं. नाना घाबरले. ट्रक आणले, काळे दगड आणले, घरापुढे बंधारा घातला. कुठवर? बरोब्बर गडग्यापर्यंत! एक वीत पुढे नाही. दगड तर उरले होते.

द्वारका आली. "दादा, उरलेले दगड माझ्या माडाफुडे घाल रे. धा हात झाला तरी पुरे."

नाना म्हणाले, "अगो, तुझी हद्द येगळी. तुझ्या जाग्यात दगड घातलंय तर लोक म्हणतीत, भाऊ जागो बळकावता!"

बघा, न करायचं असलं की माणसाला लोक कसे आठवतात! त्या दगडांचा नानांनी अंगणात ओटा बांधला. ऐसपैस, छान.

ज्येष्ठाचं उधाण आलं. लाट दगडावर आपटली. दगड हलेना, मग तिचा जोर जाणार कुठे? ती बंधाऱ्याच्या कडेनं वळली आणि पलीकडची मऊ वाळू ओरबाडू लागली. रोज हातभर, रोज हातभर! माडाची मुळं उघडी पडली. द्वारका घमेल्यानं वाळू आणून घालायची – लाट घेऊन जायची. पुन्हा घालायची. साठीची बाई, मंडळी! आषाढात एका भर दुपारी माड वाकला. तिनं मिठी मारली. शेजारणींनी ओढून काढली म्हणून वाचली. माड गेला. मुलगा गेला त्याच वाटेनं गेला.

नारळी पौर्णिमा आली. नाना ओट्यावर बसलेले. द्वारका आली, हात रिकामे.

"दादा, औंदा नारळ नाय रे. दर्यान माड नेल्यान. तू जातंस तर माझ्या झिलाक सांग, आयेक राखूक जमला नाय."

मुलाची माफी मागत होती हो ती! भावाला एक शब्द नाही. नाना उठले, पहार घेतली, तो ओटा फोडला. एकेक दगड उचलून बहिणीच्या दारापुढे नेला. हात रक्ताळले. घर वाचलं तिचं. पण माड?

तुम्ही म्हणाल, बुवा, इतकं बारीक तुम्हाला कसं ठाऊक? सांगतो. त्या वैशाखात, ओटा नवा होता तेव्हा, त्यावर पहिलं कीर्तन मी केलं. विषय होता भूतदया! गडग्यापलीकडे ती बाई माडाला टेकून ऐकत होती. मला गडग्याशी थांबलेला बंधारा दिसला, पायाखालचे उरलेले दगड दिसले, बाई दिसली. मी नारळ घेतला, शाल घेतली, घरी आलो.

म्हणून आज तुमच्या पाया पडून विचारतो – तुमचा बंधारा कुठे संपतो? आणि तो संपतो तिथे कोण उभं आहे?

टाळ नंतर उचला. आधी तिकडे बघा.