रिकामा काटा

(सरुबाई नाशिकला, सिडकोतल्या आपल्या घरी, फ्रिजसमोर. मुलगा शेखर आणि सून संजना पुण्यात. फोन स्पीकरवर.)

शेखर : ...आणि आत्ता, या क्षणाला माझ्या मोबाईलवर काय आलंय, सांगू? ‘फ्रिजचे दार उघडे आहे.’

सरुबाई : मी दाराला पाठ टेकून उभी हाय.

शेखर : आई, असं नको ना म्हणू.

सरुबाई : मग कसं म्हणू? पोट टेकून उभी राहू?

संजना : अहो, त्यांचं ऐका तरी.

शेखर : ऐकतोच आहे. रोजचंच झालंय हे. परवा दूध नासलं, तूच म्हणालीस. आज फ्रिजचं दार उघडं राहतंय, उद्या गॅस राहील. रविवारी गाडी घेऊन येतो. घराला कुलूप लावू आणि तू कायमची इकडे ये.

सरुबाई : विसरते मी. खोटं कशाला बोलू? चष्मा विसरते. शेजारच्या लताबाईच्या धाकट्या सुनेचं नाव विसरते. दार नाय विसरत. दार उघडं राहिलं की हा फ्रिज टिटवीसारखा वरडतो. आन् आता तर लावलं तरी वरडतोय.

शेखर : लावलं तरी?

सरुबाई : कवाधरनं सांगते! तू ‘नीट लाव’ म्हणतो आन् फोन ठेवतो.

शेखर : बरं, रबर सैल झालं असेल. कागदाची पट्टी दारात धर, दार लाव आणि ओढून बघ.

सरुबाई : थांब. कॅलेंडरचं जुनं पान फाडते... धरलं. लावलं. ओढते... गेलं.

शेखर : सुटून आलं ना?

सरुबाई : फाटलं! अर्धं आत, अर्धं माझ्या हातात.

संजना : म्हणजे रबर घट्ट आहे.

शेखर : हं. दार तर लागतंय मग. पण इथे अजून उघडंच दिसतंय. वर कोपऱ्यात, बिजागरीपाशी सेन्सर असतो. दार लागलं का नाही, ते तो सांगतो; आतला दिवाही त्याच्यावरच लागतो.

सरुबाई : तो एकटाच?

शेखर : एकटाच. तो सांगेल तेच मला इथे दिसतं.

सरुबाई : आन् त्याला कुणी तपासलं? विंचूरच्या मार्केटात कांदा निवडायला होते, तवा भरली गोणी डायरेक काट्यावर नव्हतो टाकत. आधी रिकामा काटा बघायचा. रिकामा असून वजन दाखवलं, तर काटाच लबाड.

शेखर : इथे रिकामा काटा कुठला, आई?

सरुबाई : हे बघ, दार सताड उघडलं. आता तो काय सांगतो ते बोल.

शेखर : उघडंच दाखवणार ना.

सरुबाई : बघून बोल.

शेखर : ...उघडं.

सरुबाई : एक डाव खरं बोलला. लबाड माणूसबी बोलतो. परत लावते... आन् परत उघडते. अगं बया!

शेखर : काय झालं? आई?

सरुबाई : आत अंधार. दिवाच नाय लागला.

शेखर : लाईट गेली असेल.

सरुबाई : डोक्यावर पंखा फिरतोय माझ्या. तुझ्या मोबाईलात काय हाय ते सांग.

शेखर : ...‘दार बंद आहे.’

सरुबाई : शेखर, माझं नाक कोथिंबिरीच्या जुडीला लागलंय.

संजना : आई, त्या वरच्या कोपऱ्यावर एक टिचकी मारा बरं.

सरुबाई : मारली. दिवा लागला.

संजना : इथे ‘उघडे’ आलं!

सरुबाई : परत मारली. गेला.

संजना : ‘बंद’! आई, आणखी एकदा...

शेखर : पुरे गं, खेळणं आहे का ते? सेन्सरच गेलाय. म्हणून दूध नासलं. दार उघडं आहे असं समजून फ्रिज गार हवेचा पंखा थांबवतो. शिवाय आत दिवा जळत राहतो.

सरुबाई : तूच आणलास हा. ‘आई, हुशार फ्रिज आहे’ म्हणून.

शेखर : हो.

सरुबाई : मग लबाड कोण निघालं?

शेखर : फ्रिज.

सरुबाई : आन् त्याचं ऐकलं कुणी?

शेखर : ...मी.

संजना : मोठ्याने बोला, त्यांना ऐकू गेलं नाही.

सरुबाई : गेलं गं, गेलं. कान शाबूत हायेत. शेखर, रविवारी ये तू. गाडी घेऊनच ये. दोघं जेवा, शेवग्याच्या शेंगा आन् लोणच्याची बरणी घाला डिकीत, आन् उजेडात परत निघा. कुलूप नको आणू.

शेखर : नाही आणत. उद्या सेन्सर बदलायला माणूस पाठवतो. तोवर ते ॲप बंद करून टाकतो.

सरुबाई : बंद कशाला? राहू दे चालू. उघडं दिसलं की फोन कर.

शेखर : फोन करून काय म्हणू?

सरुबाई : विचार, ‘आई, दार लावलंय का?’ आन् मी सांगेन ते खरं धर.