एकट्याला आणू नका

जमलेल्या समद्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, राम राम.

मी माईकपाशी आलो तशी मागची दोघं-चौघं हसली. हसा. भिगवणला मासं फुकट वाटत्यात म्हणून अख्खी वस्ती पिशव्या घिऊन पळवली, तो मीच. पण आज चेष्टा न्हाय. शालिनीबाई गेल्या. हार्टअटॅक आला, दवाखान्यात नेस्तवर गेल्या.

हितल्या बऱ्याच जणांना वाटतं, बाई शुगर-बीपी बघायच्या. न्हाय. आमीच तसं सांगत हुतो. "कुठं निघालात?" "म्हातारीची शुगर तपासायला." इंदापूरच्या स्टँडमागं बाईंची खोली. तितं ज्या पोरापोरींना जगूच वाटत न्हाय, त्यांची घरं बाईंशी बोलाय यायची. नुसती पोरं न्हाय. घरं.

मी उघड सांगतो. दोन वर्सामागं मी मरायला निघालो हुतो.

बघा, आता कोण हसंना.

का निघालो हुतो? एक कारण सांगता येत न्हाय. दहावीला तीनदा नापास, ते हुतंच. पण तेवढंच न्हवतं. दिवसभर लोकांना हसवायचं, आन् आपल्याला कशाचंच काय वाटंना, असं झालतं. शेजारच्या तात्यांनी येळेत बघितलं म्हणून वाचलो. दवाखान्यातनं बाईंकडं धाडलं. आबा, म्हंजी माजं वडील, मला घिऊन गेलं. बाईंनी मला आत बसवलं आन् आबांना म्हणल्या, "हा माझ्यापाशी बसतो. तुम्ही जा, आणि घरात जेवढी माणसं जेवतात तेवढी घेऊन या. पुन्हा कधी एकट्याला आणू नका."

आबा तापलं. "आजारी ह्यो हाय का आमी?"

आमच्या आज्याची मेंढरं हुती. आबांना मेंढराचं लई कळतं. आबा म्हणलं, "बाई, कळपातनं बाजूला उभं ऱ्हातं ते मेंढरू आजारी. ह्ये तर समद्यात जास्ती उड्या मारतंय. ह्याला कसला आजार?"

बाई म्हणल्या, "आबा, मेंढरू सोंग करत नाही. माणूस करतो."

आबांनी टोपी घातली. आन् गेलं घरच्यांना आणायला.

आय आली, दादा आला, वैनी आली. वैनी दाराआडच उभी. आमच्यात सून सासऱ्याम्होरं बसत न्हाय. बाईंनी खुर्ची ओढली, आबांच्या बरोब्बर समोर. "बसा. तुमच्याशिवाय सुरू करायचं नाही." वैनीनं आबांकडं बघितलं. आबांनी छताकडं बघितलं. मंग आबा म्हणलं, "बस, पोरी."

वैनी बसली आन् बोलली. "भावजी महिनाभर ताटातली भाकरी कुत्र्याला टाकत्यात. टेप पुतण्याला दिऊन टाकला. नवी चप्पल बी दिली. म्हणलं, आता मला काय करायचीय."

आबा वरडलं, "मग मला सांगितलं का न्हाय?"

बाई शांतपणे म्हणल्या, "आबा, तुमच्यासमोर बसायला त्यांना आजवर कुणी सांगितलं होतं?"

ऐका मंडळी. माज्या घरात माहिती हुती. एका माणसाला समदं दिसत हुतं. पण त्या माणसाला बोलायला जागाच न्हवती. बाईंनी गोळ्यांच्या आधी एक खुर्ची दिली.

मंग गुरुवारच्या गुरुवार आमी जायचो, पाच-सहा महिनं. घरात ज्यानं घात हुईल ते तात्यांच्या कुलपात गेलं. मला एकटं सोडायचं न्हाय, हे ठरलं. आय आन् दादा खोलीत भांडलं, रडलं. आबा एकदा म्हणलं, "मला बी भ्या वाटतं रं." बापाला भ्या वाटतं, हे मला तवा कळलं. रोज विचारायचं ठरलं, "आज कसं वाटतंय?" आन् मी बी खरंच सांगायचं. पहिल्यांदा लई लाज वाटली. आबा तर हाळी दिल्यागत विचारायचं, अख्ख्या वस्तीला ऐकू जायचं. पण जगलो. तुमच्याम्होरं उभा हाय.

आता कामाचं. लोकं म्हणत्यात, बाई गेल्या, खोली बंद. कोण म्हणलं? बाईंच्या हाताखाली शिकलेल्या विमलताई ह्या बसल्यात. मी इचारलं तर म्हणल्या, "घरं आली तर खोली उघडी." व्हय ना, ताई? ... मान हलवली. बघितलं सगळ्यांनी.

येत्या गुरुवारी एक घर बाईंकडं पैल्यांदा जाणार हुतं. त्यांना खोलीची वाट म्याच दावली, ते घर हितं बसलंय. नाव म्या सांगणार न्हाय, जीभ तुटली तरी. पण ते घर आता माघार घ्यायला बघतंय, लोकं काय म्हणतील म्हणून. त्यांच्या पोरीसाठी म्या आज बोलायला उभा ऱ्हायलो.

आता बाईंसाठी दोन मिन्टं उभं ऱ्हायचं. पण बाप्ये हिकडं आन् बाया तिकडं, असं न्हाय. उठा, आन् आपापल्या पोरापाशी जाऊन उभं ऱ्हावा. सुनंपाशी, लेकीपाशी. समद्यांनीच. म्हंजी कुणाला कळायचं न्हाय ते घर कोणतं, आन् त्या पोरीला कळंल आपल्यापाशी कोण उभं हाय.

आबा, तुमी बी या. वैनी, तू बी.

शालिनीबाई, नमस्कार.

आता कुणी बोलू नका.