घाटातली शर्यत

देवास गेटच्या बसस्थानकावर इंदूरच्या बसची वाट पाहणाऱ्या यमुताईंचे डोळे विणकामात होते आणि कान शेजारच्या बाकावर. संस्थान विलीन होऊन दोन वर्षं झाली, तरी तिथे बापूशी बोलत बसलेल्या भय्यासाहेबांचा जरीचा फेटा काही विलीन झाला नव्हता.

"बापू, रविवारी घाटात मोटारींची शर्यत आहे. एकेक मोटार सोडतात आणि घड्याळ लावतात. पहिला आलो, तर लोक पुन्हा उठून मुजरा करतील."

"पण नवशिक्यांना घेतात का?"

"नवशिक्यांचीच आहे रे. घरची मोटार चालते. ब्रेक पक्के हवेत आणि डोक्याला टोप."

"फेटा नाही चालत?"

"ते पत्राने विचारलंय. पण अर्जच परत आला ना! म्हणे, नाव देईल त्यानेच मोटार हाकायची."

"मग तुम्ही काय लिहिलं होतं?"

"हाकणार रामसिंग, मी मागे बसणार. नेहमीसारखं."

"मागे बसून शर्यत?"

"मग त्याला 'जल्दी ले' कोण म्हणणार?"

"आता हाकायला शिका, भय्यासाहेब."

"म्हणून तर आलोय. रामसिंग हल्ली याच बसवर ड्रायव्हर आहे. इंदूरपर्यंत त्याच्या शेजारी बसायचं, हात-पाय बघायचे, की झालं."

बस आली. खाकीतल्या रामसिंगने खिडकीतून हाक दिली, "हुजूर, इधर आगे आइए, मेरे पास!"

यमुताई पुढच्या बाकावर बसल्या. रामसिंगच्या शेजारची जागा रिकामीच होती. बस हलली, आणि अगदी शेवटच्या बाकावरून आवाज आला,

"रामसिंग, जल्दी ले!"